राइस कुकरमध्ये खरवड का धरत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हाँगकाँगला कामासाठी गेला होतात, तिथे मातीच्या छोट्या भांड्यात आलेला भात खाल्लात. वर चिकन आणि मशरूम, तळाला सोनेरी कुरकुरीत खरवड. परत आल्यावर घरच्या राइस कुकरमध्ये तीनदा करून पाहिलात. दोनदा भात गिच्च झाला आणि खाली काही म्हणता काही धरलं नाही. तिसऱ्यांदा हट्टाने खटका परत परत दाबलात, तर मधोमध काळा डाग, कडेला पांढरा ओला भात आणि घरभर करपट वास. आता मातीचं भांडं मागवायचं का, असं विचारताय.

नका मागवू. निदान इतक्यात नको. तुमची अडचण भांड्याची नाही हे तुमच्याच कृतीवरून दिसतंय. तुम्ही तांदूळ, पाणी, सोया सॉस, साखर, चिकन, मशरूम हे सगळं एकदम कुकरमध्ये घालून बटण दाबताय. आपण मसालेभात असा करतो, म्हणून हात आपोआप तसाच जातो. पण हा मसालेभात नाही. हा साधा पांढरा भात आहे आणि वरचं चिकन त्याच्या वाफेवर शिजतं. सोया शेवटी, ताटावर बसल्यावर. या एका गोष्टीत तुमच्या तिन्ही फसलेल्या प्रयत्नांचं उत्तर आहे, कसं ते सांगते.

आधी मी कुठून बोलतेय ते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं हाँगकाँगला होतो, कौलूनच्या बाजूला. शेजारच्या आजी (तिकडे म्हाताऱ्या बाईला 'पो-पो' म्हणतात, मीही तेच म्हणायचे) हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी हा भात करायच्या आणि तोही राइस कुकरमध्येच. तिथल्या घरांतली स्वयंपाकघरं एवढीशी असतात की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला दारातच थांबावं लागतं. मातीचं भांडं, कोळशाची शेगडी हे दुकानातलं काम. पुण्याला परत आल्यापासून शनिवार-रविवारच्या छोट्या ऑर्डरी घेते, त्यात हिवाळ्यात हाच भात जास्त जातो. त्यामुळे कुकरमध्ये तो जितक्या प्रकारे बिघडू शकतो तितक्या सगळ्या प्रकारे माझ्या हातून बिघडलेला आहे.

नावाचं एकदा सांगून टाकते: 'बो-जाय-फान'. बो म्हणजे भांडं, जाय म्हणजे छोटं, फान म्हणजे भात. छोट्या भांड्यातला भात, एवढंच. तळाच्या खरवडीला 'फान-जिऊ' म्हणतात. आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे म्हणून मी खरवडच म्हणते. माझ्या आजोळी भाताच्या पातेल्याची खरवड ताकात कालवून खायला भांडणं व्हायची. पो-पोंना हे मी मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे माणसात असल्यासारखं पाहिलं.

आता कुकर. तुमचा कुकर खटक्याचा आहे असं धरते, कारण परत परत दाबलात म्हणालात. त्याच्या बुडाशी मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक गोल चकती असते. तिच्यात एक चुंबक आणि एक खास धातूमिश्रित तुकडा असतो. तापमान शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की त्या तुकड्याचं चुंबकत्व जातं, पकड सुटते आणि खटका 'टक्' करून वर येतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बूड शंभराच्या वर जातच नाही. पाणी तांदळात मुरलं की तापमान चढायला लागतं आणि नेमक्या त्याच क्षणी कुकर माघार घेतो. तळाचा भात लालसर व्हायला मात्र १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे कुकर ज्या तापमानाला थांबतो आणि खरवड ज्या तापमानाला धरायला लागते, त्यांत चाळीसेक अंशांची दरी आहे.

ही चूक नाही, कुकर त्यासाठीच जन्माला आलाय. तोशिबाने १९५५ च्या डिसेंबरमध्ये पहिला आपोआप बंद होणारा विजेचा कुकर बाजारात आणला. तो घडवला योशितादा मिनामी यांनी, आणि घरात भात शिजवून शिजवून वेळा आणि तापमानं नोंदवली त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. सगळा खटाटोप कशासाठी, तर भात लागू नये, करपू नये आणि बाईला चुलीशी खिळून बसावं लागू नये म्हणून. आपण त्याच यंत्राला 'थोडा लागू दे रे बाबा' म्हणतोय. तेव्हा जरा युक्तीने घ्यावं लागणार.

आणि युक्ती आगीची नाही, पाण्याची आहे. हे मला कळायला दोन हिवाळे लागले. मीही आधी तुमच्यासारखी खटक्याच्या मागे लागले होते. एकदा तर खटका वर येऊ नये म्हणून तिथे चमच्याचा दांडा अडकवून ठेवला आणि फोनवर बोलत बसले. आतला फ्यूज उडाला, कुकर गार. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं, चमच्याची गोष्ट ऐकली आणि पैसे घेताना हसू दाबत होता. खटक्याला चिकटपट्टी लावणं, दांडा अडकवणं असले व्हिडिओ दिसतील, ते करू नका. ती चकती म्हणजे कुकरचा पहिला पहारेकरी आहे.

तळाशी पाण्याचा अंश उरला असेल तर कितीही उष्णता द्या, ती पाणी उडवण्यात खर्च होते, भात लाल होत नाही. तुमच्या पहिल्या दोन प्रयत्नांत हेच झालं. भाताला लागेल तेवढं पाणी तुम्ही मोजून घातलंत, पण चिकन आणि मशरूमनी सोडलेलं पाणी मोजलं नाहीत. ते सगळं ओघळून तळाशी गेलं. तिसऱ्या वेळी जो काळा डाग पडला तो खरं तर भाताचा नव्हताच, तो साखरेचा होता. सोयातली आणि वरून घातलेली साखर पाण्याबरोबर तळाला बसली आणि जिथे उष्णता सगळ्यात जास्त, म्हणजे मधोमध, तिथे भाताच्या आधी जळली. कडेचा भात तोवर ओलाच. म्हणून एकाच भांड्यात करपलेलं आणि गिच्च, दोन्ही.

तर तांदळापासून सुरुवात करू.

तिकडे 'सी-मिऊ' नावाचा बारीक लांब तांदूळ वापरतात, नाहीतर थाई जास्मिन. आपल्याकडे मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन जास्मिन मिळतो, तोच घ्या. बासमती नको. त्याचं शीत शितापासून सुटं राहतं, त्यामुळे खरवड चकतीसारखी एकसंध न निघता चुरा होऊन निघते, आणि त्याचा वास सोयाशी भांडतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर माझे लाडके, पण इथे ते उलट्या टोकाला जातात, वाफेवर चिकट होतात आणि वरच्या चिकनचा रस्सा पिऊन लगदा होतात. जास्मिन नसेलच तर जुना कोलम चालतो. जुना म्हणजे निदान वर्षभर साठवलेला. नवा तांदूळ ओलावा धरून असतो.

तांदूळ तीनचार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. मग रोवळीत किंवा चाळणीत दहा मिनिटं नीट निथळा. हे निथळणं टाळू नका, कारण ओल्या तांदळाबरोबर किती पाणी भांड्यात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. कुकरबरोबर येणारं माप १८० मिलिलिटरचं असतं, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो. दोन मापं म्हणजे ३०० ग्रॅम. भिजवून निथळलेल्या इतक्या तांदळाला मी २७० मिलिलिटर पाणी घालते, तेही वर लाप-च्योंगसारखं (म्हणजे वाळवलेल्या सॉसेजसारखं) कोरडं काही असेल तर. चिकन असेल तर २४०. वाचताना कमी वाटेल. पण तांदूळ भिजताना आधीच पाणी प्यायलाय आणि चिकन आणखी देणार आहे. तुमच्या तांदळाला दहावीस मिलिलिटर इकडेतिकडे लागेल, ते पहिल्या दोन वेळांत समजेल. भात किंचित फडफडीत झाला तर बिघडत नाही, गिच्च झाला तर मात्र पुढे काहीच करता येत नाही.

तांदूळ घालायच्या आधी भांड्याच्या तळाला चमचाभर तेल फिरवून घ्या. पो-पो डुकराची चरबी लावायच्या. आपलं शेंगदाण्याचं तेल उत्तम, दक्षिण चीनमध्येही तेच चालतं.

चिकन. हाड काढलेली मांडी घ्या, २५० ग्रॅम. छातीचं मांस कोरडं पडतं. तुकडे सुपारीपेक्षा थोडे मोठे, सगळे एकसारखे. त्यात चमचाभर सोया (एवढाच आधी, बाकीचा शेवटी), आल्याच्या काड्या, चिमूटभर पांढरी मिरपूड, चमचाभर तेल आणि एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअरने चिकन मऊ राहतं म्हणून घालतात, पण आपल्या कामाचा फायदा वेगळाच आहे: ते चिकनचं पाणी चिकनलाच धरून ठेवतं. साखर यात अजिबात घालू नका. सुकी शिताके मशरूम असतील तर गार पाण्यात चारपाच तास भिजवा, गरम पाण्यात घाईने नाही. मग हातात घेऊन घट्ट पिळा. पिळलेलं पाणी टाकू नका, भातात घालायच्या पाण्यात तेच मोजून धरा. ताजी बटन मशरूम घेणार असाल तर आधी तव्यावर कोरडी परतून त्यांचं पाणी आटवून घ्या. मला वाटतं तुमच्या गिच्च भाताचा निम्मा दोष मशरूमच्या पाण्याचा होता.

आता क्रम. तांदूळ आणि पाणी घालून, वर काहीही न ठेवता, खटका दाबा. माझा कुकर ७०० वॉटचा आहे, त्यात आठनऊ मिनिटांनी उकळी येते. आणखी दोनतीन मिनिटांनी काचेच्या झाकणातून बघा: वरचं पाणी दिसेनासं होतं, भाताला छोटी छोटी भोकं पडतात आणि त्यांतून बुडबुडे फुटतात. आई म्हणायची 'भाताला डोळे आले', तीच ही वेळ. आता झाकण उघडा, चिकन-मशरूम भातावर पसरा आणि लगेच बंद करा. लवकर घातलंत तर चिकन उकळत्या पाण्यात बुडून त्याचा रस्सा होतो. उशीर केलात तर शिजायला वाफ पुरत नाही.

पसरताना दोन गोष्टी पाळा. एकच थर, तुकड्यावर तुकडा नको. आणि भांड्याच्या कडेला चहूबाजूंनी दोन बोटं भात उघडा ठेवा. ही मोकळी कड पुढे तेल सोडायला लागते, शिवाय तिथून वाफ निघून जाते. मी बरेच दिवस भात पूर्ण झाकायचे, दिसायला छान म्हणून, आणि खरवड का पातळ येते ते कळत नव्हतं.

सातआठ मिनिटांनी खटका आपोआप वर येईल. हात लावू नका. कुकर वॉर्मवर आहे, दहा मिनिटं तसाच राहू द्या. या दहा मिनिटांत चिकन आतपर्यंत शिजतं, भाताचा उरलासुरला ओलावा सगळीकडे सारखा होतो, आणि ती चकती गार होते. चकती गार झाल्याशिवाय खटका दाबूनही राहत नाही. तुम्ही लगेच लगेच दाबत होतात म्हणून तो उडत होता.

दहा मिनिटांनी झाकण उघडा आणि पहिलं काम म्हणजे झाकणाची आतली बाजू फडक्याने कोरडी करा. तिथे जमलेलं पाणी परत भातावर गळतं. मग चॉपस्टिकच्या किंवा चमच्याच्या मागच्या टोकाने कडेने सातआठ भोकं पाडा, अगदी तळापर्यंत. दोन चहाचे चमचे तेल कडेकडेने गोल सोडा, म्हणजे ते भांड्याच्या भिंतीवरून ओघळत खाली जाईल. झाकण लावा, खटका दाबा.

इथून पुढे घड्याळ नको, कान आणि नाक. आधी काहीच ऐकू येणार नाही. मिनिटभराने हलकी चुरचुर सुरू होते, फोडणीतल्या मोहरीसारखी ठसठशीत नाही, तव्यावर तांदळाचे चार दाणे पडावेत तशी. वास आधी नुसत्या वाफेचा येतो, मग लाह्या फुटताना येतो तसा खमंग. तीनचार मिनिटांत खटका स्वतःहून उडेल. पाच मिनिटं थांबा, पुन्हा एकदा दाबा. बहुतेक कुकरना असे दोन फेरे पुरतात, जाड बुडाच्या भांड्याला तिसरा लागतो. वास लाह्यांवरून भाजलेल्या शेंगदाण्यांकडे झुकला की प्लग काढायचा. त्याच्या पुढे गेलात तर कडू.

प्लग काढायचा म्हणजे खरंच काढायचा, वॉर्मवर ठेवायचा नाही. वॉर्मवर ठेवलेल्या भाताची वाफ तळाला परत जाते आणि मिळवलेली खरवड दहा मिनिटांत चामड्यासारखी होते. पाच मिनिटं बंद कुकरमध्ये राहू द्या, मग आतलं भांडं उचलून ओल्या जाड फडक्यावर मिनिटभर टेकवा. तळ एकदम गार होऊन खरवड सुटते आणि लाकडी उलथन्याने अख्खी चकती निघते. हे फक्त कुकरच्या धातूच्या भांड्याला. मातीचं गरम भांडं ओल्या फडक्यावर ठेवलंत तर तिथल्या तिथे तडकेल. आणि वाढण्याआधी चिकनचा सगळ्यात जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसला तर चिकन काढून कढईत दोन मिनिटं परता, भाताला शिक्षा नको.

एकदा उजळणी करते, म्हणजे फ्रिजवर चिकटवता येईल: तांदूळ भिजवून निथळा, पाणी कमी घाला, भाताला डोळे आले की चिकन, खटका उडाला की दहा मिनिटं विश्रांती, झाकण पुसा, कडेने तेल, मग थांबून थांबून दोन वेळा खटका, वास बघून प्लग काढा.

सोया सगळ्यात शेवटी. नुसता सोया ओतू नका, खारट होतो. दोन टेबलस्पून लाइट सोया, एक चहाचा चमचा डार्क सोया, दोन चहाचे चमचे साखर, दोन टेबलस्पून पाणी, चमचाभर तेल आणि असतील तर कोथिंबिरीचे देठ किंवा पातीच्या कांद्याची मुळाकडची टोकं. साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि गाळून घ्या. आपल्याकडे मिळणारा देशी बनावटीचा 'डार्क सोया' बऱ्याचदा नुसताच खारट आणि काळा असतो, त्यामुळे तो अर्धाच घालून चव बघा. वाढल्यावर भाताच्या कडेने सोडा, वर पातीचा कांदा. आधी वरचा भात कालवून खातात, खरवड शेवटी. काही जण त्या खरवडीवर गरम सूप किंवा चहा ओतून खातात. चहा म्हणजे बिनदुधाचा, हे आपल्याकडे सांगावं लागतं.

तुम्ही आणखी एक विचारलंत, लाप-च्योंग इथे कुठे मिळेल आणि नाही मिळाले तर काय. लाप-च्योंग म्हणजे डुकराच्या मांसाचे गोडसर, वाळवलेले सॉसेज. लाप म्हणजे तिकडच्या पंचांगातला वर्षाचा शेवटचा महिना, थंडीचा, वाळवणाचा. 'छाउ फुंग हेई, सिक लाप मेई' असं तिथे येताजाता ऐकू येतं: शरदाचा वारा सुटला, आता वाळवलेलं मांस खायचं. तेव्हापासून दुकानांच्या दारांत दोऱ्यांवर सॉसेजच्या जोड्या लटकायला लागतात आणि याउ मा तेईच्या टेम्पल स्ट्रीटवर या भाताच्या दुकानांपुढे रांगा लागतात. तिथे उभं राहून बघण्यासारखं असतं. एक माणूस वीसपंचवीस शेगड्या सांभाळतो आणि भांडी नुसती ठेवत नाही, आडवी कलती करून चारही बाजूंनी आच देतो. आपण कडेने तेल सोडतो आणि भोकं पाडतो ते त्या कलतं करण्याला पर्याय म्हणून.

मिळाले तर लाप-च्योंगनेच सुरुवात करा. चिकन पाणी सोडतं, हे सॉसेज चरबी सोडतं. ती चरबी तळाला जाते आणि खरवड अक्षरशः तळली जाते, म्हणून नवशिक्यालाही साधते. मी ते परदेशातून येणाऱ्यांकडून मागवते. अख्खेच भातावर ठेवा, चिकनच्याच वेळी, आणि शिजल्यावर तिरके काप करा. आधी कापलेत तर कोरडे पडतात.

गोव्याचं चौरीस घालून बघावं असा मोह होतो, मलाही झाला. भात फार सुरेख झाला, पण वेगळाच. त्यात व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरची, सगळा भात आंबटतिखट आणि केशरी. गोड सोया त्याच्यावर अजिबात बसत नाही. चौरीसचा भात करायचा तर सोया विसरा आणि पाव घेऊन बसा.

त्यापेक्षा जवळची वाट कोकणातून जाते. कँटोनीज लोकांचा एक आवडता प्रकार म्हणजे खिमा आणि वर खारवलेल्या माशाचा एक तुकडा. त्यांचा खारवलेला मासा बऱ्याचदा 'मा-याऊ' असतो, आणि मा-याऊ म्हणजे आपला रावस. मी मालवणहून आलेल्या खारवलेल्या माशाचा दोन बोटांएवढा तुकडा वीस मिनिटं पाण्यात ठेवून, पुसून, आल्याच्या काड्यांबरोबर चिकन खिम्याच्या पातळ थरावर ठेवते. सुरमई असली तरी चालते. वास घरभर होतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

शाकाहारी करायचं असेल तर शिताके, तळलेलं टोफू आणि वरून तिळाचं तेल. पनीर नको, वाफेवर रबर होतं.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. तुमचा कुकर खटक्याचा नसून डिजिटल बटणांचा असेल, तर हे दोन फेऱ्यांचं तंत्र चालणार नाही. तो तापलेला असताना परत सुरू व्हायला नकार देतो किंवा पूर्ण कार्यक्रम पहिल्यापासून चालवतो. चिनी बाजारासाठी बनवलेल्या काही कुकरमध्ये 'बो-जाय-फान' असं वेगळं बटणच असतं, ते असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कुकरमध्ये भात आणि चिकन शिजवून घ्या, बिडाच्या कढईत तेल चांगलं तापवा, चिकन बाजूला काढून भात त्यात पसरून हलका दाबा, चिकन परत वर ठेवा आणि झाकण न लावता मध्यम आचेवर सहासात मिनिटं. हाँगकाँगचा दुकानदार नाक मुरडेल, पण खरवड तुमच्या कुकरपेक्षा चांगली येईल. कुकरचं आतलं भांडं मात्र कधीही गॅसवर ठेवू नका. बूड किंचित जरी वाकडं झालं तरी ते पुढे चकतीवर नीट टेकत नाही आणि मग रोजचा वरणभातही नीट होत नाही.

आणि मातीचं भांडं? कुकरमध्ये सोळा आण्यांतले बारा आणे मिळतात. भिंतींवर चढलेली खरवड, कोळशाचा वास, टेबलावर आल्यावरही चुरचुरणारा आवाज, हे चार आणे मातीचेच. दोनतीन वेळा कुकरमध्ये जमलं आणि तरीही ते चार आणे खुणावत राहिले तर जरूर घ्या. पण कुंभाराकडची साधी हंडी नको. तिकडच्या भांड्याला आतून काचेसारखा लेप असतो आणि बाहेरून तारांची जाळी. आपल्या हंडीला लेप नसतो, भात तिला असा धरतो की खरवडीबरोबर मातीही खरवडून निघते. मी एक अशी हंडी फोडली आहे, आणि दुसरी आता तुळशीच्या रोपाला दिली आहे.

शेवटी धुण्याचं, कारण ते कुणी सांगत नाही. खरवड काढल्यावर तळाला थोडी उरतेच. घासणीने खरडू नका, कोटिंग जाईल. कोमट पाणी घालून झाकण लावून ठेवा, जेवण होईपर्यंत सगळं सुटलेलं असतं. पो-पो ते पाणी फेकायच्या नाहीत, त्यांच्या गच्चीवरच्या लिंबाच्या कुंडीत ओतायच्या.